पहिली चाळणी कोणाच्या हाती?

काल राष्ट्रीय मतदार दिन झाला. गावोगावच्या शाळांत आणि तहसील कचेऱ्यांत मतदाराची शपथ घेतली गेली, नव्या मतदारांच्या हाती ओळखपत्रे पडली. आज देशाचा ७७वा प्रजासत्ताक दिन. १९५० साली राज्यघटना अमलात येण्याच्या आदल्या दिवशी निवडणूक आयोगाची स्थापना झाली, म्हणून हे दोन दिवस असे पाठोपाठ येतात. आधी मतदार आणि मग प्रजासत्ताक, हा क्रम आम्हाला फार मोलाचा वाटतो. या निमित्ताने आज दूरदेशीची एक २६ जानेवारी आठवते आहे. तिला आज बरोबर अठरा वर्षे झाली.

२००८ सालचा तो शनिवार. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी होती. अध्यक्षपदासाठी पक्षाने कोणाला उभे करायचे, याचा कौल तिथले सामान्य मतदार देणार होते. रिंगणात मुख्यतः तिघे: इलिनॉयचे सिनेटर बराक ओबामा, न्यूयॉर्कच्या सिनेटर हिलरी क्लिंटन आणि याच राज्यात जन्मलेले, चार वर्षांपूर्वी इथली प्रायमरी जिंकलेले जॉन एडवर्ड्स. पाच लाखांहून अधिक लोकांनी मतदान केले. २००४मध्ये हा आकडा तीन लाखांच्याही आत होता. मतदान करून बाहेर पडलेल्यांच्या पाहणीनुसार ५५ टक्के मतदार कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्यातल्या दर पाचांपैकी जवळपास चौघांनी ओबामांना मत दिले. गोऱ्या मतदारांपैकी सुमारे चौथा हिस्सा त्यांच्याकडे वळला. एकूण मतांत ओबामांना ५५ टक्के मिळाली. क्लिंटन यांना त्यांच्या निम्मीही मिळाली नाहीत. आपल्याकडे २७ तारीख उजाडत होती, तेव्हा तिकडे विजयाचा जल्लोष सुरू होता.

निकालाचा अर्थ लावायला फारसे कोणी थांबले नाही. कृष्णवर्णीय मतदार जास्त, उमेदवार कृष्णवर्णीय, हिशेब जुळला. हिलरींचे पती, माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्याच दिवशी पत्रकारांना आठवण करून दिली, की जेसी जॅक्सन यांनीही १९८४ आणि १९८८मध्ये हे राज्य जिंकले होते. विधान खरे होते. पण डोकी मोजली की मनेही मोजून झाली, हे त्यात गृहीत धरलेले होते. ते गृहीतक चुकीचे होते, आणि आजही जिथे जिथे ते वापरले जाते तिथे ते मतदारावर अन्याय करते, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

मुळात २००७च्या शरद ऋतूपर्यंत कृष्णवर्णीय मतदारांचा मोठा हिस्सा क्लिंटन यांच्या बाजूने होता. बिल क्लिंटन यांच्या कारकिर्दीपासून या समाजाचा त्या घराशी घरोबा होता. राज्यातले काही वजनदार कृष्णवर्णीय आमदार आणि धर्मोपदेशक हिलरींच्या मागे उभे होते. ओबामांविषयी आपुलकी होती, पण गोरा अमेरिकन या माणसाला खरोखर मत देईल का, ही शंका त्या आपुलकीहून मोठी होती. ज्यांनी पिढ्यानपिढ्या हातातोंडाशी आलेला घास जाताना पाहिला, ती माणसे आपले मत हळव्या मनाने देत नाहीत, तोलून देतात. शिवाय एक न बोललेली भीती होती. १९६८मध्ये मेम्फिसला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, तो दिवस ज्यांनी तरुणपणी पाहिला होता, ते अजून मतदानाला येत होते. आपल्यातला माणूस पुढे आला की त्याच्या जिवाचे काय, हा प्रश्न त्यांना जाहिरातीतून कोणी शिकवलेला नव्हता.

मग ३ जानेवारीला आयोवात कॉकस, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या मतदारांच्या सभा, झाले. तिथली लोकसंख्या ९० टक्क्यांहून अधिक गोरी. तिथे ओबामा पहिले आले आणि क्लिंटन तिसऱ्या. ही बातमी दक्षिण कॅरोलिनाच्या चर्चमध्ये, केशकर्तनालयांत आणि ब्यूटी पार्लरांत पोचली. ओबामांच्या कार्यकर्त्यांनी हीच ठिकाणे आपल्या प्रचाराचे तळ केलेली होती, कारण तिथे माणसे ताटकळत बसतात आणि मनातले बोलतात. डिसेंबरपासून हलू लागलेला कल आयोवानंतर पक्का झाला. गोऱ्यांच्या राज्याने दिलेला पुरावा तपासून कृष्णवर्णीयांनी आपला निर्णय घेतला. एका समाजाचे मत दुसऱ्या समाजाच्या मताकडे बघून ठरते, ही गोष्ट जातिधर्माच्या तक्त्यांत कुठल्याच रकान्यात बसत नाही.

या प्रवाहात नेतेही मागे पडले. अमेरिकी संसदेचे, म्हणजे काँग्रेसचे, सदस्य जॉन लुईस यांनी ऑक्टोबर २००७मध्ये क्लिंटन यांना पाठिंबा दिला होता. १९६५मध्ये सेल्माच्या पुलावर मतदानाच्या हक्कासाठी पोलिसांच्या लाठ्या खाल्लेला हा माणूस. फेब्रुवारीत जॉर्जियातल्या त्यांच्याच मतदारसंघाने ओबामांना भरभरून मते दिली आणि महिनाअखेरीस लुईस यांनी आपला पाठिंबा बदलला. ज्यांच्यासाठी ते लढले, त्या मतदारांनी त्यांच्या पुढे पाऊल टाकले होते. आमच्या मते लढ्याचे याहून मोठे यश नाही.

हा मतदार इतका सावध का, हे समजून घ्यायचे तर आणखी साठ वर्षे मागे जावे लागते. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाचे एकछत्री राज्य होते. नोव्हेंबरची निवडणूक नावाला असायची, खरा निकाल पक्षाच्या प्रायमरीत लागायचा आणि त्या प्रायमरीत फक्त गोऱ्यांना मत होते. पक्ष म्हणजे खासगी मंडळ, तिथे कोणाला घ्यायचे ते आम्ही ठरवू, असा त्यामागचा युक्तिवाद. टेक्सासमधले कृष्णवर्णीय दंतवैद्य लॉनी स्मिथ यांनी याविरुद्ध दाद मागितली. थर्गुड मार्शल त्यांच्या वकिलांपैकी एक होते. ३ एप्रिल १९४४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्यांपुरती प्रायमरी घटनाबाह्य ठरवली. त्यावर दक्षिण कॅरोलिनाने त्याच महिन्यात विधिमंडळाचे खास अधिवेशन भरवले आणि प्रायमरीशी संबंधित सुमारे दीडशे कायदे रद्द करून टाकले. प्रायमरीचा सरकारशी संबंधच ठेवायचा नाही, म्हणजे घटनेचा हात तिथे पोचणार नाही, हा हेतू. १९४६मध्ये कोलंबिया शहरातले एक छोटे दुकानदार, जॉर्ज एल्मोर, प्रायमरीत मत द्यायला गेले आणि त्यांना नकार मिळाला. ते न्यायालयात गेले. चार्ल्सटनच्या जुन्या, प्रतिष्ठित गोऱ्या घराण्यातले न्यायाधीश वेटीस वेअरिंग यांनी जुलै १९४७मध्ये एल्मोर यांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ३० हजारांहून अधिक कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांनी तिथल्या प्रायमरीत मतदान केले. एल्मोर यांनी त्याची किंमत मोजली: बहिष्कारापायी त्यांचे दुकान बुडाले. वेअरिंग यांना त्यांच्याच शहराने वाळीत टाकले आणि पुढे त्यांनी न्यूयॉर्क गाठले.

१९४८मध्ये जिथे पहिल्यांदा दार उघडले, तिथे २००८मध्ये निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय होते. ही साठ वर्षे ध्यानात घेतली, की त्या शनिवारच्या ५५ टक्क्यांकडे केवळ आकडा म्हणून पाहता येत नाही. त्या आकड्याला एका दुकानदाराचे मोडलेले दुकान चिकटलेले आहे.

मराठी वाचकाला ही कथा परकी वाटू नये. उमेदवार ठरवणाऱ्या पहिल्या फेरीत मत कोणाचे, या प्रश्नावर आपल्या मातीत, पुण्याच्या येरवडा तुरुंगात, २४ सप्टेंबर १९३२ रोजी एक करार झाला. जातीय निवाड्याने दलितांना दिलेले स्वतंत्र मतदारसंघ गांधीजींच्या उपोषणापुढे सोडून देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे मिळवले, त्यात प्रांतिक विधिमंडळांतल्या १४८ राखीव जागा सर्वांना आठवतात. त्याच करारातली दुसरी तरतूद मात्र विस्मरणात गेली आहे. राखीव जागेसाठी आधी फक्त दलित मतदारांनी मतदान करून चार जणांची निवड करायची आणि मग त्या चौघांतला एक सर्व जातींच्या संयुक्त मतदारसंघाने निवडून द्यायचा, अशी ती व्यवस्था होती. कराराच्या इंग्रजी मसुद्यात या पहिल्या फेरीला प्रायमरी हाच शब्द आहे. तिला मुदत होती दहा वर्षांची.

दोन्हीकडची चाळणी शेजारी शेजारी ठेवून पाहा. दक्षिण कॅरोलिनात पहिली चाळणी गोऱ्यांच्या हाती होती. तिच्यातून जे गळून खाली पडेल त्यावर शेवटचे मत देण्याची मुभा कृष्णवर्णीयांना कागदोपत्री होती. पुणे कराराने पहिली चाळणी दलितांच्या हाती दिली, पण शेवटची बहुसंख्याकांकडे राहिली. १९४६च्या निवडणुकांनंतर बाबासाहेबांनी वारंवार दाखवून दिले, की पहिल्या फेरीत दलितांनी ज्यांना पसंती दिली ते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार दुसऱ्या फेरीत संयुक्त मतदारसंघात पडत होते. मताचा हक्क किती खरा, हे मतपेटीजवळच्या रांगेवरून कळत नाही. ज्या टप्प्यावर निर्णय होतो, त्या टप्प्यावर आपण आत आहोत की बाहेर, यावरून कळते. कोलंबियाच्या दुकानदाराला आणि येरवड्याच्या वाटाघाटींना हे एकच सत्य ठाऊक होते.

आता २००८च्या उरलेल्या नकाशाकडे वळू. ती लढत पाच महिने चालली आणि त्या काळात अमेरिकेतला प्रत्येक समाज आपापल्या परीने बोलला. न्यू हॅम्पशायरमध्ये मतदारांत स्त्रियांचे प्रमाण ५७ टक्के होते आणि आयोवात तिसऱ्या आलेल्या क्लिंटन यांना त्यांनी पाचच दिवसांत पुन्हा उभे केले. ज्या आजींच्या जन्मावेळी देशात स्त्रियांना मत नव्हते, त्याही या प्रचारात होत्या. त्यांच्यासाठी ही केवळ एका उमेदवाराची निवडणूक नव्हती. कॅलिफोर्नियात आणि टेक्सासमध्ये लॅटिनो मतदारांनी क्लिंटन यांना साथ दिली. ओहायो आणि पेनसिल्व्हेनियातल्या बंद पडत चाललेल्या कारखान्यांच्या गावांतले, पदवी न घेतलेले गोरे कामगार त्यांच्याकडे गेले. विद्यापीठांची शहरे आणि तरुण ओबामांकडे गेले.

पण वरच्या वर्णनातून जो सोपा तक्ता तयार होतो, तो मे महिन्याने मोडला. १३ मे रोजी पश्चिम व्हर्जिनियात क्लिंटन यांना ६७ टक्के मते मिळाली. आठवडाभराने, २० मे रोजी, ऑरेगनमध्ये ओबामांना ५९ टक्क्यांच्या घरात मिळाली. दोन्ही राज्यांत कृष्णवर्णीय लोकसंख्या अगदी नगण्य. कातडीचा रंग तोच, कौल उलटा. एकीकडे ॲपलेशियन डोंगरातले कोळसा खाणींचे जुने प्रदेश, उतारवयाची वस्ती, कमी शिक्षण. दुसरीकडे प्रशांत किनाऱ्यावरची शिकलेली, बाहेरून येऊन वसलेली शहरे. गोरा मतदार असे म्हणून जे एक पोते बांधले जाते, ते उघडले की आत किती तऱ्हेचे धान्य असते, हे त्या एका आठवड्याने दाखवले.

आणि मग नियम. मतदार कितीही असोत, ते कोणत्या मापाने मोजले जातात यावर निकाल फिरतो. डेमोक्रॅटिक पक्षात १५ टक्क्यांच्या वर मते मिळवणाऱ्या प्रत्येकाला मतांच्या प्रमाणात, पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी मिळतात. ५ फेब्रुवारीला न्यू जर्सीत अकरा लाखांवर लोकांनी मतदान केले. क्लिंटन जिंकल्या आणि त्यांची आघाडी ११ प्रतिनिधींची झाली. त्याच दिवशी आयडाहोच्या कॉकसला वीसेक हजार माणसे जमली. ओबामांनी तिथे मोठ्या फरकाने बाजी मारली आणि १२ प्रतिनिधींची आघाडी मिळवली. टेक्सासची प्रायमरी क्लिंटन यांनी जिंकली, पण तिथे प्रतिनिधींचे वाटप आधीच्या निवडणुकांतल्या पक्षाच्या मतांवर ठरत असल्याने ह्यूस्टन आणि डॅलसच्या कृष्णवर्णीय वस्त्यांना सीमेवरच्या लॅटिनो पट्ट्यापेक्षा अधिक वजन होते. पूर्वी मतदानाला न चुकता बाहेर पडण्याची सवय हीच तिथे ताकद ठरली. कॉकसची भर पडून अखेर टेक्सासमधून ओबामांनाच जास्त प्रतिनिधी मिळाले.

हे प्रमाणशीर वाटप आभाळातून पडले नव्हते. १९६८मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता पक्षाचे उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर रस्त्यावर तरुणांना मार बसला आणि पक्षाला आपले नियम बदलावे लागले. त्यानंतरही १९८४मध्ये जेसी जॅक्सन यांना मतांच्या मानाने फार थोडे प्रतिनिधी मिळाले. १९८८मध्ये ते ७० लाखांच्या आसपास मते घेऊन दुसरे आले, आणि त्यांनी पदाऐवजी नियम मागितला: जितकी मते, तितके प्रतिनिधी. जॅक्सन स्वतः कधी उमेदवार झाले नाहीत. पण वीस वर्षांनी, दोन्ही बाजूंना पावणेदोन कोटींच्या आसपास मते पडलेल्या लढतीत, त्याच नियमाने ओबामांची आघाडी टिकवली. बिल क्लिंटन यांनी ज्यांचे नाव सहज घेतले, त्या जॅक्सन यांचे खरे देणे हे होते.

दक्षिण कॅरोलिनाने पुन्हा एकदा, २९ फेब्रुवारी २०२० रोजी, असाच निर्णय दिला. जो बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते. मतदानाच्या तीन दिवस आधी काँग्रेस सदस्य जिम क्लायबर्न यांनी त्यांना पाठिंबा जाहीर केला. निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय असलेल्या मतदारांनी बायडन यांना ४८ टक्क्यांवर मते दिली आणि दोन दिवसांत पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुशार यांनी माघार घेतली. या वेळी उमेदवार गोरा, वयस्क आणि ओळखीचा होता. वर्ण जुळला म्हणून मत, हा सिद्धांत खरा मानला तर २०२०चे उत्तर सापडतच नाही. कोण निवडून येऊ शकेल आणि कोणावर विसंबता येईल, हे दोन प्रश्न मात्र २००८लाही होते आणि २०२०लाही.

आपल्या माणसांचाही या विषयाशी संबंध आला आहे. बेळगावचे, मराठी बोलणारे श्री ठाणेदार २०२२मध्ये मिशिगनच्या १३व्या मतदारसंघातून काँग्रेसवर गेले. डेट्रॉइटचा मोठा भाग त्यात येतो, आणि ते शहर बहुसंख्य कृष्णवर्णीयांचे. प्रायमरीत नऊ उमेदवार होते, बहुतेक कृष्णवर्णीय. मते विभागली आणि ठाणेदार सुमारे २८ टक्क्यांवर जिंकले. सत्तरेक वर्षे डेट्रॉइटहून कोणी ना कोणी कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये गेला होता. ती परंपरा त्या वर्षी खंडित झाली. मराठी माणसाच्या यशाचा आनंद आपल्याला जरूर व्हावा. त्याच वेळी डेट्रॉइटच्या लोकांची हुरहुरही आपण समजून घ्यावी. मतविभाजनाने काय हरवते, हे महाराष्ट्राला कोणी सांगायला नको.

हे सारे आज का आठवावे? केंद्र सरकारने जाहीर केलेली जनगणना २०२७मध्ये होणार आहे आणि तिच्यात जातींची नोंद होणार आहे. ती व्हायलाच हवी. कोण किती आहे आणि कोणाच्या वाट्याला काय आले आहे, हे कळल्याशिवाय न्याय होत नाही. पण आकडे हाती आले की आपले पक्ष मतदारसंघाचे तक्ते मांडून बसतील, आणि अमुक समाज इतके टक्के म्हणून तिकीट अमक्याला, असे हिशेब करतील. व्होट बँक हा शब्द समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५०च्या दशकात रूढ केला, तो गावातल्या बड्या आसामीच्या मुठीत असलेल्या मतांसाठी. आज तो शब्द अख्ख्या समाजांवर चिकटवला जातो. एखादी वस्ती एकदिलाने मत देते तेव्हा तिच्यामागे मूठ असते, की बुधवारच्या बाजारात, पारावर, बचत गटाच्या बैठकीत झालेला विचार असतो, हे शोधण्याचे कष्ट पत्रकारांनी आणि पुढाऱ्यांनी घ्यायला हवेत. आम्हीही त्यात आलो.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. आपल्याकडे उमेदवार ठरवण्याची पहिली चाळणी मतदाराच्या हाती नाही. ती मुंबईत, दिल्लीत, बंद दाराआड फिरते आणि तिच्यातून जे खाली येईल त्यातून आपण निवडतो. अमेरिकेची पद्धत जशीच्या तशी उचलावी, असे आमचे म्हणणे नाही. तिथेही पैशाचा जोर आणि राज्यांच्या क्रमाचे वाद आहेतच. पण तालुक्यातल्या पक्षसदस्यांची नोंद खरी असावी, त्यांना उमेदवारीवर गुप्त मतदान करता यावे आणि तो कौल वरच्यांनी पाळावा, एवढी सुरुवात कोणत्याही पक्षाला आजच करता येईल. त्यासाठी घटना बदलावी लागत नाही.

१९४८च्या ऑगस्टमध्ये दक्षिण कॅरोलिनात जे पहिल्यांदा रांगेत उभे राहिले, त्यांना आपल्या मताने काय घडेल याची खात्री नव्हती. तरी ते आले. २६ जानेवारी २००८ रोजी जन्मलेली मुले आज अठरा वर्षांची झाली आहेत, तिकडे आणि इकडेही. इकडच्या मुलामुलींची नावे येत्या १ एप्रिलच्या अर्हता दिनांकावर मतदार यादीत चढू शकतात. आपल्या घरात असे कोणी असेल, तर आजच्या झेंडावंदनानंतर त्याचा अर्ज भरून घ्यावा. आणि त्याला एवढे सांगावे, की यादीत नाव आले म्हणजे काम संपत नाही. आपल्या गावाचा उमेदवार कोण ठरवतो, हे त्याने पहिल्याच निवडणुकीत विचारावे.